तुमच्यावाचून अडलेला कागद

पिंपरी पेंढार,
८ नोव्हेंबर २०२३

श्री. बुद्धभूषण भागुजी यांस,

जयभीम. नुसता जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहितात हे मला माहीत आहे, दहावीला मराठीत चौऱ्याहत्तर मार्क होते मला. मुद्दाम गाळलंय.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नका. आत्या आणि भागुजीमामा, तुमचे आईबाप, धडधाकट आहेत. कुणी गेलं नाही, कुणी पडलं नाही, आणि मी पैसे मागत नाही. हे तिन्ही आधीच सांगितलं म्हणजे तुम्ही पुढचं वाचाल.

तुमचा पत्ता दादाभाऊनं दिला. आपल्या आळीतला दादाभाऊ, आता टोमॅटोची गाडी चालवतो, नारायणगावहून गुजरातला. परतीचा माल भरायला गेला तेव्हा वापीत एका कारखान्याच्या गेटवर तुम्ही शिट्टी वाजवून त्याची गाडी मागं घेतलीत म्हणे, आणि ओळख पटल्यावर केबिनमध्ये जाऊन बसलात. मला म्हणाला, "वैनी, सांगू का नको असं झालं व्हतं." म्हटलं सांगितलंस ते बरं केलंस. त्याच्याच हाती हे पत्र देते. फोन नंबरही आणून देत होता, नको म्हटलं. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर खोडता येतो.

तर काम असं आहे. तुमची मुलगी तेजस्विनी बारावीला आहे, जुन्नरला. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती आणि पाटीवर 'थ' उलटा काढायची. आता ती अमेरिकेतल्या कॉलेजात अर्ज करतेय. वाचलंत ना बरोबर? अमेरिकेतल्या. तिच्या वृषाली मॅडमनी शोधून दिलं. कॉलेज मोठं आहे पण गाव नारायणगावशेजारच्या वारूळवाडीएवढंच असेल, आणि नाव असं की माझ्या जिभेवर बसत नाही. तेजू तीनदा सांगते, मी चौथ्यांदा चुकते.

तिथली फी ऐकून मी हातातली कात्री खाली ठेवली. पण त्यांची रीत वेगळी आहे. पोरगं हुशार असेल तर घेतात, आणि घरच्यांना जेवढं परवडत नाही तेवढं सगळं कॉलेज स्वतः घालतं. फी, राहणं, जेवण, विमानसुद्धा. फक्त परवडत नाही हे दाखवावं लागतं, आईचंही आणि बापाचंही. आई-बाप वेगळे राहत असले तरी दोघांचं. माझं झालं. तहसिलीतून उत्पन्नाचा दाखला काढला, द्राक्षबागेत माझ्या हाताखाली चौदा बायकांची टोळी आहे, बागायतदारांनी मला किती मजुरी मिळते ते लिहून दिलं. राहिलात तुम्ही.

सोबत एक फॉर्म आहे. तुम्ही काय काम करता, पगार किती, मुलीच्या शिक्षणाला किती देऊ शकता, एवढंच लिहायचं आणि सही करायची. पंधरा जानेवारीच्या आत तो मॅडमच्या हातात पाहिजे. एक कागद जरी कमी असला तर अर्ज बघतसुद्धा नाहीत.

घरी सगळं व्यवस्थित आहे. लोक तुमच्याबद्दल विचारतात, मी सांगते काय सांगायचं ते.

रत्ना

❖

२८ नोव्हेंबर

जयभीम.

दादाभाऊ चार फेऱ्या करून आला. म्हणतो पत्र हातात दिलं, तुम्ही खिशात घातलंत, आणि "बघू" म्हणालात. बघू काय? त्यात बघण्यासारखं काय आहे? सही करायची आहे, सोयरीक नाही जमवायची.

असो. आज भांडायला बसलेली नाही. परवा रविवारी आपल्या घरी जे झालं ते सांगायलाच पाहिजे, तुम्ही असतात तर तुमची छाती फुगली असती.

पुण्यात एक संस्था आहे, ती अशा मुलामुलींना मदत करते. तिथल्या बाई घरी येऊन परिस्थिती बघतात आणि कॉलेजला अहवाल पाठवतात. कल्याणीताई त्यांचं नाव. त्या येणार हे आठ दिवस आधी कळलं आणि आख्खी वस्ती माझ्या दारात. तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडचं. पाव्हणं दारात येणार म्हणजे घर कसं पाहिजे. पोरगी बघायला येतात तेव्हा करतो ना, तसं. मी म्हटलं, लग्नाला येतात तर एवढं करतो, ही तर शिक्षणाची सोयरीक, हिला दुप्पट करायचं.

जयाच्या घरचा नवा सोफा चौघांनी उचलून आणला, दारातून जाईना तर पाय काढले. प्रयागबाईचा फ्रीज आणला. आत ठेवायला काय होतं? पाण्याच्या सहा बाटल्या आणि आत्यांची गुडघ्याला लावायची औषधाची बाटली. मागच्या खोलीत पत्रा गळतो, तिथं डाग दिसू नयेत म्हणून माझी लग्नातली साडी छताला ताणून बांधली, मांडव घातल्यासारखी. जयानं स्वतःचं गंठण काढून माझ्या गळ्यात घातलं. आरशात मीच मला ओळखलं नाही.

मासवडी केली. पहाटेपासून उठून. रस्सा असा झाला होता की भागुजीमामा दोनदा म्हणाले, "रत्ना, आज त्वा जीव वतून सैपाक केला." कल्याणीताईंनी तीन वड्या खाल्ल्या आणि बोटं चाटली. जाताना पाच किलो इंद्रायणी तांदूळ दिला, नको नको म्हणत होत्या, गाडीतच ठेवून दिला.

सगळं बघितलं त्यांनी. वहीत लिहीत होत्या. तेजूशी इंग्रजीत बोलल्या आणि आपली पोरगी, काय सांगू, टाकटाक उत्तरं देत होती, एकदाही अडखळली नाही. आत्यांना इंग्रजी कळत नाही, पण त्या दाराआडून मान डोलवत होत्या.

तुमच्याबद्दलही विचारलं त्यांनी. मी जे सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. तेजू तेव्हा माझ्याकडे बघत होती.

एकंदरीत फार चांगलं झालं. पाव्हण्यांना नाव ठेवायला जागा ठेवली नाही. आता तेवढा तुमचा कागद द्या.

रत्ना

❖

१९ डिसेंबर

जयभीम.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

गेल्या सोमवारी वृषाली मॅडमनी मला बागेतून बोलावून घेतलं. घड विरळ करायचे दिवस आहेत, एक तास गेला तर बागायतदार तोंड वाकडं करतो, तरी गेले. मॅडमनी समोर कागद ठेवला. कल्याणीताईंचा अहवाल, पाठवायच्या आधी मॅडमना दाखवलेला. इंग्रजीत होता, मॅडमनी मराठीत सांगितला. "कुटुंब सुस्थितीत आहे. घरात आधुनिक सोयी आहेत. वडील दुबईत सुपरवायझर असून नियमित पैसे पाठवतात. मुलगी अत्यंत हुशार आहे, मात्र आर्थिक मदतीची गरज दिसत नाही."

मॅडम म्हणाल्या, "रत्नाताई, अहो ज्याला गरज आहे त्यालाच देतात हे. तुम्ही गरजच झाकून ठेवलीत!"

हो. दुबई. आता तुम्हाला कळलं मी लोकांना काय सांगते ते. हसा, पोट भरून हसा.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात नळावर बायकांनी विचारलं, कुठं गेले बुद्धभूषणभाऊ? तोंडातून निघून गेलं, दुबईला. मग ते वाढतच गेलं. दुबईला गेलेला माणूस काहीतरी पाठवणार ना? म्हणून मग दरवर्षी तेजूच्या वाढदिवसाला मी जुन्नरच्या बाजारातून काहीतरी घ्यायची आणि सांगायची, पप्पांनी कुणाच्या तरी हाती पाठवलं. फ्रॉक, दप्तर, कंपासपेटी. पाचवीत असताना इंग्रजी-मराठी शब्दकोश, हा एवढा जाड. मामांना आणि आत्यांना खरं माहीत होतं. दोघंही गप्प राहिले, सुनेची झाकली मूठ उघडली नाही त्यांनी. उपकार आहेत त्यांचे माझ्यावर.

घरी येऊन मी तेजूला पुढ्यात बसवलं. म्हटलं, "बाई, मी तुला एक खोटं सांगत आलेय." ती उठली, आतून तो शब्दकोश घेऊन आली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्या पुढ्यात धरलं. दुकानाचा शिक्का. जांभळ्या शाईत, ठळक, 'जुन्नर'. म्हणाली, "आई, मला पाचवीपासून माहीत आहे." सात वर्षं माहीत होतं आणि दरवर्षी ती भेट हातात घेऊन नाचायची माझ्यासाठी. मी रडले हो. एवढी रडले की आत्या चुलीपासून उठून आल्या.

मग तेजू म्हणाली, खरं सांगू या का त्यांना? मी नाही म्हटलं. मी म्हटलं, गरिबीचं प्रदर्शन मांडून कुणापुढं पदर पसरायचा नाही, आपल्यात ते बसत नाही, मग नाही गेलीस अमेरिकेला तरी चालेल. पोरीचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा भागुजीमामा बोलले. तुम्हाला माहीत आहे ते किती बोलतात, वर्षाला दहा वाक्यं. बाजेवरून उठून बसले आणि म्हणाले, "पदर कोन पसरतंय? बाबासायबांनी बी अर्ज केला व्हता बडोद्याला. ती भीक व्हती का? आपल्यापाशी काय न्हाई ते खरं लिवावं आन् काय हाय ते बी खरं लिवावं. खोटं लिवनं म्हंजी भीक."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पुण्याला गेले. कल्याणीताईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. आत गेले आणि बसायच्या आधीच म्हटलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही बघितलंत ते माझं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. "फ्रीज?"

"प्रयागबाईचा."

"सोफा?"

"जयाचा."

"गंठण?"

"ते पण जयाचं."

"आणि मासवडी?"

"मासवडी माझी," मी म्हटलं, "ती मात्र खरी."

आधी त्या हसल्या, मग मी हसले, मग डोळे पुसले आणि दुबईचंही सांगून टाकलं. तुम्ही वापीला गेटवर असता हे सांगितलं. अकरा वर्षांत पैसा नाही, पत्र नाही हेही सांगितलं. बाहेरच्या माणसापुढं हे पहिल्यांदा बोलले आणि छत काही कोसळलं नाही.

परवा त्या पुन्हा येऊन गेल्या, न सांगता. मी बागेतून आलेली, अंगाला औषधाचा वास, डोक्याला फडकं. पत्र्याचा डाग बघितला, खाली ठेवलेली घमेली बघितली. आता अहवाल बदलून देतायत. पण एक अट घातली. म्हणाल्या, "वडील दुबईत असं एकदा तुमच्याच तोंडून आलंय. आता नुसत्या तुमच्या शब्दावर भागणार नाही. वडिलांनी स्वतः लिहून द्यायला पाहिजे, कुठं आहेत, काय कमावतात, आणि काय दिलं."

म्हणजे गाडी पुन्हा तुमच्याच गेटवर येऊन उभी राहिली.

आता जे लिहिते ते लिहायला मला तीन दिवस लागले. तुमची पोल्ट्री बसली, तुम्ही वर्षभर घरात बसलात, त्याचा मला राग नव्हता. तुम्ही बोलायचंच बंद केलंत त्याचा होता. पण त्या दिवशी टोळीतल्या बायका दारात उभ्या असताना मी जे बोलले, "गेलात तरी तुमच्यावाचून काही अडणार नाही," ते चारचौघींपुढं बोलायला नको होतं. मला वाटलं होतं संध्याकाळपर्यंत याल. भाकरी झाकून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना घातली.

अडलंय. घ्या, लिहून दिलं. तुमच्यावाचून अडलंय.

रत्ना

❖

१० जानेवारी २०२४

जयभीम.

पाच दिवस उरले. दादाभाऊ म्हणतो तुम्ही फॉर्म दोनदा मागून घेतलात आणि दोनदा कोरा परत दिलात. म्हणालात, "काय लिहू? पोरीच्या कॉलेजात लिहून देऊ की बाप वॉचमन हाय?"

हो, तेच लिहून द्या. लाज वाटते ना? मलाही वाटली होती, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना वाटली, उतरताना नव्हती.

तुमची मुलगी कॉलेजहून एसटीनं येते, आल्यावर आजीच्या पायाला तेल लावते आणि मग अभ्यासाला बसते. तिनं आजपर्यंत मला एकही गोष्ट मागितलेली नाही. तुम्हाला तर नाहीच. हे एकच मागणं आहे आणि तेही ती मागत नाही, मी मागते.

गाडी आज दुपारी निघते. परवा परत येईल. ती रिकामी आली तर मी पुन्हा कधी लिहिणार नाही, आणि तेजूला का जाता आलं नाही हे मी तिला खरं सांगेन. खोटं बोलायचं सोडलंय मी.

रत्ना

❖

१६ जानेवारी

जयभीम.

मिळाला.

बारा तारखेला दादाभाऊनं गाडी थेट बागेच्या बांधाला लावली, क्लीनरला हॉर्न वाजवायला लावला आणि स्वतः कागद डोक्यावर धरून पळत आला. चौदाच्या चौदा बायका घड सोडून बांधावर. मी हात धुतले, पदराला पुसले, मगच घेतला.

फॉर्ममध्ये तीन ओळींची जागा होती. तुम्ही मागच्या कोऱ्या बाजूलाही लिहिलंत. मी उभ्यानंच वाचलं आणि पुन्हा वाचलं. आता पाठ झालंय, तुम्हालाच तुमचं लिहून दाखवते:

"मी वापी येथे कारखान्याच्या गेटवर रखवालदार आहे. पगार तेरा हजार. खोली आणि खानावळ जाऊन फार काही राहत नाही. मी दुबईला कधी गेलेलो नाही. मुलीच्या शिक्षणासाठी अकरा वर्षांत मी एक रुपयाही दिलेला नाही व पुढे देण्याची ऐपत नाही. मुलीला तिच्या आईने शिकवले. आईने सांगितलेले खरे धरावे. त्यात खोटे जे होते ते माझी अब्रू झाकायला होते."

शेवटची दोन वाक्यं कुणी मागितली होती तुमच्याकडे? कॉलेजनं तर नाही. मीही नाही. माणूस अकरा वर्षं बोलत नाही आणि बोलतो तेव्हा असं बोलतो.

मला तुमचा राग आहे. तो या एका कागदानं जाणार नाही, उगीच समज करून घेऊ नका. पण खरं सांगते, तुमच्याशी लग्न झाल्यापासून मला तुमचा अभिमान वाटला असं पहिल्यांदा झालं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला छाती लागते. ती तुमच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं, आणि बहुतेक तुम्हालाही नव्हतं.

घरी मामांनी कागद तेजूकडून वाचून घेतला. पुन्हा वाच म्हणाले. मग स्वतःच्या हातात घेऊन डोळ्याजवळ नेला, त्यांना वाचता येत नाही तरी, आणि म्हणाले, "अक्षर काय सुधारलं न्हाई गड्याचं." टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाहेर जाऊन बसले. अकरा वर्षांत त्यांनी तुमचा विषय काढला नव्हता. संध्याकाळी मात्र आत्यांना विचारलं, "वापीला थंडी असती का गं?"

वृषाली मॅडमनी इंग्रजी करून, सही-शिक्क्यानिशी चौदा तारखेला पाठवलं. रविवारची सुट्टी होती तरी सायबर कॅफे उघडायला लावला. पोचल्याचा निरोप आला. आता आपल्या हातात काही नाही.

दादाभाऊ म्हणत होता, कागद देताना तुम्ही कॉलेजचं नाव कसं म्हणायचं ते त्याला तीनदा विचारलंत. त्यालाही येत नाही. म्हटलं बरं झालं, मी एकटीच नाही.

रत्ना

❖

१६ एप्रिल

सप्रेम जयभीम.

लिहिलं सप्रेम. आता त्यावर जास्त विचार करत बसू नका.

निकाल तेवीस मार्चलाच लागला. दादाभाऊनं तुम्हाला सांगितलंच असेल, पण ते अर्धवट, कारण तो तेव्हा गाडीवर होता. सकाळी सहाला तेजूचा मोबाईल वाजला. मी चहा गाळत होते. ती वाचत होती, पुन्हा वर सरकवून वाचत होती. मी म्हटलं, "काय झालं? नाही म्हणाले?" तिनं मान हलवली. मग म्हणाली, "आई, सगळं. फी, खोली, जेवण, पुस्तकं, विमान. सगळं देतायत. चार वर्षं." माझ्या हातातलं गाळणं पातेल्यात पडलं. आत्यांनी पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कडाकडा बोटं मोडली आणि विचारलं, "म्हंजी जायाचं का आता?" तेजू म्हणाली, ऑगस्टमध्ये. तेव्हा आत्या रडायला लागल्या, आनंदानं की कशानं ते त्यांनाही सांगता येईना.

त्या दिवशी मी बागेत गेले आणि काम केलं. बायका म्हणाल्या आज तरी सुट्टी घ्यायची. कशाला घेऊ? त्या दिवसाएवढं हलकं काम मी जन्मात केलं नाही.

आता चौदा एप्रिलचं सांगते. यंदा जयंतीला आपल्या वस्तीत मांडव मोठा घातला होता. मिरवणूक झाली, मग तेजूचा सत्कार. समितीचे अध्यक्ष धर्माजीभाऊ, तुमच्याबरोबर शाळेत होते तेच, माईकवर उभे राहिले. म्हणाले, "या लेकीच्या बापानं दुबईच्या उन्हात घाम गाळला, त्याचं आज चीज झालं!" टाळ्या पडल्या. मी खाली बायकांत बसले होते. प्रयागबाईनं माझा हात दाबला, बस म्हणाली, जाऊ दे. मुकाट बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तुमची अब्रू राहिली असती, माझीही.

उठले. धर्माजीभाऊंच्या हातातून माईक घेतला. आवाज कापला नाही. टोळीवर ओरडून ओरडून आवाज पक्का झालाय.

म्हटलं, "तिचा बाप दुबईत नाही, कधीच नव्हता. वापीला गेटवर वॉचमन आहे. ते मीच खोटं सांगत होते, अकरा वर्षं. त्यानं पैसा दिला नाही. त्यानं एक कागद दिला. त्यावर स्वतःचं सगळं खरं लिहून दिलं, आणि तो कागद आला नसता तर ही पोरगी आज इथं हार घालून उभी नसती, हे मी बाबासाहेबांच्या फोटोसमोर सांगते."

बायका माना वळवून एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी तरी खोकलं. मला वाटलं आता तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतून भागुजीमामा उठले. काठी टेकत टेकत पुढं आले, माईक त्यांच्या तोंडाशी मीच धरला. म्हणाले, "माझ्या पोरानं लिवलाय तो कागद." एवढंच. आणि मग अशा टाळ्या पडल्या की पहिल्या टाळ्या काहीच नव्हत्या. धर्माजीभाऊ मला म्हणाले, "वैनी, माफ करा, मला म्हाईत नव्हतं." म्हटलं, तुम्हाला कसं माहीत असणार, मीच कळू दिलं नव्हतं.

रात्री जेवताना तेजू म्हणाली, "आई, तू माझ्यापेक्षा चांगलं बोललीस." मला हसू आलं. पोरगी अमेरिकेला चाललीय आणि मला मार्क देतेय.

आता कामाचं. या पत्राबरोबर दादाभाऊ तुम्हाला एक जाड पार्सल देईल. उघडा. तोच शब्दकोश आहे, पाचवीतला. तेजूला तो बरोबर न्यायचाय. मी म्हटलं, अगं मोबाईलमध्ये सगळे शब्द असतात, तेवीस किलोच वजन नेता येतं, हा धोंडा कशाला? ऐकत नाही. म्हणते, पप्पांच्या नावानं घरात आलेलं आहे ते, आणि त्याच्यावर पप्पांचं अक्षर नाही, तेवढं पाहिजे.

पहिलं पान कोरं आहे. तिथं लिहा. काय लिहायचं ते मी सांगणार नाही, तुम्हाला आता लिहिता येतं हे मी पाहिलंय. मागच्या पानावरचा जुन्नरचा शिक्का खोडू नका, तोही तिला हवाय.

लिहून झालं की दादाभाऊच्या हाती परत पाठवू नका. पोस्टानं तर नकोच, त्यात हरवलं तर पोरगी मला माफ करणार नाही. स्वतः घेऊन या. ऑगस्टच्या आधी कधीही. पाव्हणे येणार म्हणून या वेळी सोफा आणणार नाही, फ्रीज आणणार नाही. पत्रा अजून गळतो. आलात तर त्याचं बघा, पोल्ट्रीचं शेड तुम्ही स्वतःच्या हातानं उभं केलं होतं, पत्र्याचं काम तुम्हाला येतं. मासवडी मात्र करीन.

तिकीट निघालं आहे. कागद सगळे पुरे झाले आहेत. आता तुमच्यावाचून काहीही अडलेलं नाही.

तरी या.

रत्ना